जिथे असाल तिथेच थांबा

गेल्या रविवारी सिंगापूरहून नातवाचा फोन आला. एरवी फोन त्याच्या आईचा असतो आणि हा मागून डोकं घालून "हाय आजोबा" म्हणून पळून जातो. या वेळी त्याने स्वतः लावला होता. आवाज बारीक करून म्हणाला, "आजोबा, एक परमिशन हवी आहे. ते कुर्ल्याचं आईला सांगू का?"

मला क्षणभर काही बोलताच येईना.

झालंय असं, की जूनच्या सुट्टीत मंडळी सानपाड्याला येणार आहेत. नातू आता चौदा वर्षांचा आहे. त्याला धाकट्या बहिणीला घेऊन, मोठ्या कुणालाही बरोबर न घेता, लोकलने मुंबईत जायचंय. आई म्हणाली, अजिबात नाही. सिंगापूरची एमआरटी वेगळी आणि मुंबईची लोकल वेगळी. त्यावर याच्याकडे एक हुकमाचा एक्का आहे, तो म्हणजे आठ वर्षांचा असताना तो मुंबईच्या लोकलमधून एकटा प्रवास करून आलेला आहे. एका स्टेशनापुरता का होईना! पण हा एक्का त्याने सहा वर्षं खिशात ठेवला, कारण आजोबांनी सांगितलं होतं, आईला सांगायचं नाही.

मी म्हटलं, "थांब बाळा, आधी मीच सांगतो."

तर मंडळी, म्हणून ही पोस्ट. लेक हा ब्लॉग वाचते, जावई वाचतात, पुण्याच्या वहिनी तर वाचून शुद्धलेखनाच्या चुकाही कळवतात. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो.

गोष्ट डिसेंबर २०१९ची. नातू आठ वर्षांचा, नात पाच वर्षांची. लेक आणि जावई चार दिवसांसाठी एका लग्नाला बाहेरगावी गेले होते आणि मुलं आमच्याकडे ठेवली होती. चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसला. सौ.चे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. दोन दिवस मुलांनी खाली बागेत काढले. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, की उद्या आपण मुंबई बघायला जायचं. राणीच्या बागेत. सौ. म्हणाली, "उद्या बुधवार. बाग बंद असते." मग गुरुवार ठरला. ती आणखी एक वाक्य बोलली होती, "दोघांना घेऊन एकटे जाऊ नका." त्यावर मी काय म्हणालो ते तिला अजून पाठ आहे. मी म्हणालो, "चौतीस वर्षं पन्नास-पन्नास पोरं मुंबईला नेऊन आणली, एक हरवलं नाही. या दोघांचं काय घेऊन बसलीस?"

हे खोटं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची सहल वर्षाआड मुंबईला यायची. एसटीची लाल गाडी, मुक्काम दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये, चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणलेली. गेटवे, म्युझियम, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, राणीची बाग. प्रत्येक मुलाच्या छातीवर शाळेचं नाव लिहिलेली चिठ्ठी सेफ्टीपिनने लावलेली. दोघादोघांच्या जोड्या. शिट्टी वाजली की जागेवर उभं राहायचं. आणि मुख्य नियम, जो मी गाडीतच तीनदा म्हणून घ्यायचो : चुकामूक झाली तर जिथे असाल तिथेच थांबायचं. तुम्ही शोधायला निघालात आणि मीही शोधायला निघालो, तर आपण एकमेकांभोवती फिरत राहू.

नियम चांगलाच होता. आजही चांगला आहे. फक्त तो गेटवेवर लागू पडतो.

गुरुवारी साडेदहाला निघालो, म्हणजे ऑफिसची गर्दी ओसरलेली असेल या हिशोबाने. मी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. नातीने आवडीने लावून घेतली, वर तिच्यावर फूल काढलं. नातू म्हणाला, "मी पार्सल आहे का?" सिंगापूरला जन्मलेल्या मुलाचं मराठी, पण मुद्दा बिनतोड. मी सोडून दिलं. त्याऐवजी म्हटलं, मग माझा मोबाइल नंबर पाठ कर. सानपाड्याला गाडीत बसलो आणि वाशी सोडल्यावर खाडीच्या पुलापासून पाढे म्हणतात तसा दहा आकडी नंबर सुरू केला. मी म्हणायचो, मागून ते म्हणायचे, मराठी आकड्यांत. समोरच्या बाकावरच्या बाई हसायला लागल्या. गोवंडी येईपर्यंत दोघांचा पाठ. चेंबूरला उलटतपासणी. माझ्यातला मास्तर खूश झाला होता.

पुलावरून जाताना मी त्यांना सांगितलं, की हा रेल्वेचा पूल १९९२ साली सुरू झाला, त्याआधी इकडे लोकल येतच नव्हती. नातू म्हणाला, "मग लोक कसे यायचे?" म्हटलं, बसने. त्याला काही विशेष वाटलं नाही. त्यांच्याकडे एमआरटी १९८७ पासून आहे असं त्याने मलाच ऐकवलं. शाळेत शिकवलं होतं म्हणे. असो.

राणीच्या बागेला मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन जवळ. आमची हार्बर. म्हणजे कुर्ल्याला उतरायचं, पूल चढून पलीकडे जायचं आणि धीमी गाडी पकडायची. पुलावर मी एका हाताला नातू आणि एका हाताला नात असा चाललो होतो. खांद्याला पिशवी : पाण्याच्या बाटल्या, पोळीचे रोल, टोप्या. सहलीच्या सामानापुढे हे काहीच नव्हतं.

आता नेमकं काय झालं ते नीट सांगतो, कारण सहा वर्षांत मी ते मनात इतक्यांदा घोळवलंय की तपशील पुसला गेलेला नाही.

गाडी आली. नातू दाराच्या बाजूला सरकून उभा राहिला. त्याला तशीच सवय. सिंगापूरला आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढायचं, मग दार पीं-पीं वाजतं आणि मिटतं. इथे उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी आपापलं काम उरकत होते. मी म्हटलं, "चल चल, चढ पटकन!" आणि त्याच्या पाठीला हात लावून त्याला आत लोटलं. मग नातीकडे वळलो, तर तिची एक चप्पल पायातून निसटली होती. मी ती उचलायला वाकलो.

गाडी सुटली.

चौतीस वर्षांची सवय नडली, दुसरं काही नाही. एसटीत चढताना मास्तर शेवटी चढतो. आधी सगळी मुलं आत, मोजणी, मग मास्तर, आणि मग कंडक्टर घंटी मारतो. मास्तर खाली असताना गाडी हलत नाही. लोकलला कोण मास्तर आणि कोण काय! तिथे लहान मूल सगळ्यात आधी आत लोटायचं नसतं. त्याला कडेवर घ्यायचं किंवा मनगट पकडून बरोबरच चढायचं. हे कुर्ल्याच्या फलाटावरच्या कुठल्याही आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

मी वर पाहिलं तेव्हा तो दारात होता. एका माणसाने मागून त्याची कॉलर घट्ट धरलेली. तो ओरडला नाही, रडला नाही. माझ्याकडे नुसता बघत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून. आणि मला काही सुचलं नाही. कॉलर धरलेला माणूस हाताने काही खुणा करत होता. मग डबा गेला, मग पुढचा गेला, मग गाडीची पाठ दिसली.

नातीने विचारलं, "दादा कुठे गेला?"

पुढची अकरा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं म्हणून अकरा म्हणतो. पहिली दोन मी त्याच जागी उभा होतो. मी माझाच नियम पाळत होतो, जिथे असाल तिथेच थांबा! मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तो फार वाईट प्रकाश होता. मी त्यालाही हाच नियम सकाळपासून तीनदा सांगितलाय. तो आज्ञाधारक मुलगा आहे. तो "जिथे आहे तिथेच" थांबला, तर तो गाडीतच थांबणार. शीव, माटुंगा, दादर, परळ... थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत. की भायखळ्याला उतरेल? भायखळा हा शब्द मी वीसेक वेळा बोललो असेन. की पुढच्याच स्टेशनवर उतरेल? तीन शक्यता, आणि मी एकटा, हातात पाच वर्षांची मुलगी. पोलिसांना सांगायला जायचं तर पुन्हा जिना चढायचा, त्यात वेळ जाणार. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिला काय सांगू? कुठल्या शब्दांनी सुरुवात करू? मराठीचा शिक्षक मी, मला पहिला शब्द सापडेना.

बाकावर एक बाई बसल्या होत्या, भाजीची पाटी घेऊन. त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाल्या, "अवो काका, हितं काय उभं ऱ्हाता? मागची गाडी येतीय, चढा, शीवला उतरून बगा." आमच्या सातारकडच्याच असाव्यात, बोलण्यावरून. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर. माझं बोट इतकं थरथरत होतं की पडद्यावरचं ते हिरवं चक्र काही सरकेना. नातीने हात वर करून ते सरकवलं.

"काका, तुमचा नातू माझ्याजवळ आहे. शीवला उतरलोय. घाबरू नका, सावकाश या. पहिल्या डब्याजवळच्या बाकावर बसतो आम्ही."

मी नातीला कडेवर घेऊनच पुढच्या गाडीत चढलो. पुन्हा तिची चप्पल पडली असती तरी पाहिलं नसतं.

शीवला तो बाकावर बसला होता. शेजारी तो माणूस, पस्तिशीचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मांडीवर डबा. त्याने दोन गाड्या सोडल्या होत्या. मी त्याचे हात धरले. चहा तरी घ्या म्हटलं, तर म्हणाला, "उशीर झालाय काका, निघतो." जाताजाता एवढं मात्र सांगून गेला : "पोरगं हुशार आहे. नंबर धडाधड सांगितला, मराठीत. पण उतरायला तयार नव्हता. म्हणे आजोबांनी सांगितलंय, जिथे आहेस तिथेच थांब. मग स्वतःच म्हणाला, 'हे नेक्स्ट स्टेशन आहे का?' आणि उतरला."

गाडी आली आणि तो गेला. नाव विचारायचं राहून गेलं. नंबर मात्र मी डायरीत लिहून ठेवला, "शीवचे गृहस्थ" म्हणून. दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. त्यांचं उत्तर येतं, हात जोडलेलं चित्र.

मी नातवाशेजारी बसलो. तो अजून रडला नव्हता. जरा वेळाने म्हणाला, "आजोबा, तुम्ही म्हणता जिथे आहे तिथे थांब. आई म्हणते ट्रेन मिस झाली तर नेक्स्ट स्टेशनला उतरून वेट कर. मग बरोबर कोणतं?"

मी म्हटलं, "आईचं."

मग तो रडला. मीही चष्मा पुसून घेतला. नात म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि पोळीचे रोल बाहेर निघाले. शीवच्या फलाटावर बसून आम्ही ते खाल्ले.

तुम्ही म्हणाल, मग घरी परतला असाल. नाही परतलो. परत जायचं तर पुन्हा कुर्ला, आणि तो पूल त्या क्षणी मला चढवला नसता. भायखळा पुढे होतं. गेलो.

राणीच्या बागेचं मला फार अप्रूप. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आमच्या पिढीच्या तोंडात राणीची बागच बसलंय. १९५९ साली नऊ वर्षांचा असताना मी पहिल्यांदा मुंबईत आलो, वडिलांचं बोट धरून. चुलते गिरणीत होते, लालबागला त्यांची खोली. एका खोलीत अकरा माणसं झोपायची, रात्रपाळीची माणसं दिवसा. चुलत्यांनी मला ट्राममध्ये बसवलं, राणीच्या बागेत हत्तीवर बसवलं. ट्राम १९६४ साली बंद झाल्या. १९८२चा संप झाला आणि चुलते गावी परतले ते कायमचेच. त्या दिवशी गाडीतून करी रोड, चिंचपोकळी करत जाताना हे सगळं मुलांना सांगायचं मी ठरवलं होतं. सांगितलं काहीच नाही. दोघांची मनगटं धरून बसलो होतो.

मुलांसाठी मुख्य आकर्षण म्हणजे पेंग्विन, असं आमचं मोठ्या माणसांचं मत. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले, काचेमागे गार खोलीत ठेवलेले. नातू बघून म्हणाला, "जुराँग बर्ड पार्कमध्ये पाहिलेत." संपलं! नात मात्र काचेला नाक लावून उभी राहिली, तिथून हलेना. मी मागे उभं राहून तिच्या फ्रॉकचं टोक धरून ठेवलं होतं. तिला ते कळलं नाही.

नातवाला आवडला तो दगडी हत्ती. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं, त्याच्या आवारात हा हत्ती उभा आहे. मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायचं म्हणून उचलायला गेले आणि तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला इथे उभा केला. हे ऐकल्यावर नातू त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून सांधे शोधत बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्याला न्यायला लागले तर तो गेलाच नाही. जिथे होता तिथेच थांबला."

"तिथे नाही रे, इथे," मी म्हटलं. "घारापुरी नेक्स्ट स्टेशन आहे असं समज."

तो हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू.

आता खरी चूक सांगतो. कुर्ल्याची चूक एका क्षणाची होती, ती कुणाच्याही हातून होईल. ही मी विचार करून केली. बागेबाहेर दोघांना कुल्फी घेऊन दिली आणि म्हटलं, "गाडीतलं आपण आईला सांगायचं नाही हं. ती उगाच घाबरेल." नात मान हलवून कुल्फी खाऊ लागली. नातवाने माझ्याकडे पाहिलं. कुर्ल्याच्या दारातून पाहिलं होतं तसंच, आणि म्हणाला, "ओके."

१९८८च्या सहलीत सातवीतली दोन मुलं गेटवेला वीस मिनिटं बेपत्ता झाली होती. लाँच बघत बसली होती धक्क्याला. त्यांनी मला विनवलं, गुरुजी, घरी सांगू नका. मी काय केलं? परत आल्यावर शाळेच्या पटांगणात, पालकांसमोर, त्यांनाच स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. खरं सांगायची सवय लागावी म्हणून. त्यातला एक आता एसटीत कंडक्टर आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि तिकीट घेऊ देत नाही, म्हणजे स्वतःच्या पैशाने काढतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परत येताना टॅक्सी करून डॉकयार्ड रोडला आलो. ते हार्बरवरच आहे, गाडी बदलावी लागत नाही, थेट सानपाडा. सानपाड्याहून नातवंडांना घेऊन राणीच्या बागेत जाणाऱ्या समस्त आजीआजोबांनी हे लक्षात ठेवावं. टॅक्सीचे चार पैसे गेले तर जाऊ द्यावेत. मला हे जाताना सुचायला हवं होतं. दुपारची गाडी रिकामी होती. खाडीवर ओहोटी लागलेली, चिखलात लांबवर गुलाबी ठिपके दिसत होते. नातीने ते मोजायला सुरुवात केली आणि सतरावर झोपली.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. पेंग्विन झाले, हत्ती झाला, कुल्फी झाली. लेक म्हणाली, "आणखी काय काय केलंत?" नातू म्हणाला, "आणखी काही नाही." इतकं सरळ म्हणाला, की मी खोलीतून उठून गॅलरीत गेलो.

सौ.ला त्याच रात्री कळलं होतं. वेणी घालताना नातीने सगळं सांगितलं, चपलेसकट. पण ही बाई एक अक्षर बोलली नाही. मुलं विमानात बसल्यावर मला म्हणाली, "तुम्ही सांगणार की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगतो. पुढच्या सुट्टीत येतील तेव्हा समोर बसवून सांगतो, फोनवर नको. मग मार्च २०२० उजाडला, लोकलच बंद झाल्या. मुलं एकदम डिसेंबर २०२२ला आली. नातू माझ्या खांद्याला लागला होता. तीन वर्षांनी भेटलेल्या लेकीला पहिल्या दिवशी हे काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी पाहू म्हटलं. तसे दिवस गेले. सौ. अधूनमधून माझ्याकडे बघायची.

तर हे असं आहे. चि. सौ.कां. लेकीस, तुझा मुलगा सहा वर्षं तुझ्याशी एक गोष्ट बोलला नाही, ती माझ्यामुळे. त्याला रागावू नकोस. आणि त्याला जूनमध्ये लोकलने जाऊ द्यायचं की नाही हे तूच ठरव, त्यात मी पडणार नाही. तुझा पुढच्या स्टेशनवर उतरायचा नियम त्याला आठ वर्षांचा असतानाच कळला होता, एवढं फक्त सांगतो.

सौ.ने हे वरून खालपर्यंत वाचलंय. "चपलेचा रंग लिहिला नाहीत," म्हणाली. लाल होती.

तुमच्याकडे आत्ता रात्रीचे साडेअकरा झाले असतील. उद्या सकाळी फोन कर. मी फिरायला जाणार नाही, घरीच आहे.